शाळेत परिचारिका आली तेव्हा

वर्गात एखाद्या मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज दिसते, कोणाच्या डोक्यात नायटा असतो, कोणाचे डोळे लाल होऊन पापण्या चिकटलेल्या असतात. शेजारची मुले अंग चोरून बसू लागतात. मग आपण त्या मुलाला जवळ बोलावून सांगतो, "घरी जा, डॉक्टरांना दाखव आणि बरे वाटले की ये." यात आपले काही चुकले असे कोणी म्हणणार नाही. बाकीच्या चाळीस-पन्नास मुलांची जबाबदारी आपल्यावर असतेच. हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते आणि तास पुढे सुरू होतो.

पण फाटकाबाहेर पडलेल्या त्या मुलाचे पुढे काय होते? ते डॉक्टरकडे जाते का? औषध कोण आणते, कोण लावते? ते चार दिवसांनी परत येते, की महिन्याने, की येतच नाही? हे प्रश्न १९०२ साली न्यूयॉर्क शहरात एका परिचारिकेने विचारले, आणि उत्तर शोधण्यासाठी दुसऱ्या एका परिचारिकेला महिनाभर चार शाळांत पाठवले. पहिलीचे नाव लिलियन वॉल्ड, दुसरीचे लीना रॉजर्स. या दोघींच्या कामाची हकीकत वैद्यकाच्या इतिहासात परिचर्येच्या प्रकरणात सापडते. वास्तविक ती शिक्षणाच्या इतिहासातही असायला हवी.

बिछाना घालण्याचा धडा

लिलियन वॉल्ड यांचा जन्म १८६७ साली अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात, एका खाऊनपिऊन सुखी ज्यू कुटुंबात झाला. बालपण रॉचेस्टरला गेले. १८९१ साली त्यांनी न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या परिचर्या विद्यालयातून शिक्षण पूर्ण केले. वर्षभर मुलांच्या एका संस्थेत नोकरी केली आणि मग डॉक्टर होण्यासाठी स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला.

१८९३ साली, हे शिक्षण चालू असतानाच, शहराच्या लोअर ईस्ट साइड या भागात स्थलांतरित बायकांसाठी घरगुती शुश्रूषेचा वर्ग घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पूर्व युरोपातून आणि रशियातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची ही वस्ती त्या काळी जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक होती. पाच-सहा मजली इमारती, अंधारे जिने, एकेका खोलीत शिवणकाम, स्वयंपाक आणि झोपणे, शिवाय भाडे भरता यावे म्हणून ठेवलेले पोटभाडेकरू. आपल्याकडच्या गिरणगावातल्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर आणणे कठीण जाणार नाही.

एके दिवशी वॉल्डबाई आजाऱ्याचा बिछाना कसा घालावा याचा धडा देत होत्या. इतक्यात एक लहान मुलगी वर्गात आली आणि आपली आई आजारी आहे, चला, असे सांगू लागली. वॉल्डबाई धड्याचे सामान घेऊन तिच्यामागून निघाल्या. लडलो स्ट्रीटवरच्या मागच्या बाजूच्या एका इमारतीत दोन खोल्यांमध्ये सात जणांचे कुटुंब राहत होते, त्यातही भाडेकरू ठेवलेले. घरातली बाई बाळंतीण होती. दोन दिवसांपूर्वी झालेल्या रक्तस्रावाने भरलेल्या अंथरुणात ती तशीच पडून होती.

वॉल्डबाईंनी तिला स्वच्छ केले, अंथरूण बदलले, खोली झाडली. त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट साधी होती. आपण वर्गात जो धडा शिकवत होतो त्याची गरज असलेली बाई वर्गात येऊच शकत नव्हती. धडाच तिच्या घरी न्यायला हवा होता. त्यांनी वैद्यकीय महाविद्यालय सोडले. मेरी ब्रूस्टर या आपल्या मैत्रिणीला बरोबर घेऊन त्या त्याच वस्तीत राहायला गेल्या आणि घरोघरी जाऊन शुश्रूषा करू लागल्या. धनिक सावकार जेकब शिफ यांनी आर्थिक पाठबळ दिले. १८९५ साली हेन्री स्ट्रीटवरच्या २६५ क्रमांकाच्या घरात त्यांचे केंद्र सुरू झाले. पुढे ते हेन्री स्ट्रीट सेटलमेंट म्हणून जगभर ओळखले गेले.

या परिचारिकांसाठी वॉल्डबाईंनी सार्वजनिक आरोग्य परिचारिका असे नाव रूढ केले. रुग्णाच्या घरी जाणारी परिचारिका ही कल्पना नवी नव्हती. इंग्लंडमध्ये ती आधीपासून होती आणि अमेरिकेतही काही धर्मादाय संस्था असे काम करत. नवे होते ते कामाचे स्वरूप. परिचारिका त्याच वस्तीत राहणार. डॉक्टरने चिठ्ठी दिली तरच जायचे असे नाही, घरच्यांनी बोलावले तरी जायचे. धर्मप्रचार करायचा नाही. ज्याला परवडेल त्याने थोडे शुल्क द्यावे, म्हणजे घेणाऱ्याला भीक घेतल्यासारखे वाटणार नाही. आणि प्रत्येक भेटीत घरातल्या कोणाला तरी काहीतरी शिकवून यायचे: पाणी कसे उकळावे, ताप कसा पाहावा, जखम कशी धुवावी. परिचारिका दिवसातून एकदा येणार, उरलेला सगळा वेळ रुग्ण घरच्यांच्या हाती. तेव्हा घरच्यांना शिकवणे हाच उपचाराचा मोठा भाग होता.

तपासणी होते, उपचार होत नाहीत

आता शाळांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत रोगजंतूंचे शास्त्र झपाट्याने पुढे गेले. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. पाठोपाठ घटसर्पाचा जंतू सापडला. रोग जंतूंमुळे होतो आणि तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, हे एकदा पटल्यावर शहरांच्या आरोग्य खात्यांचे लक्ष साहजिकच शाळांकडे गेले. सक्तीच्या शिक्षणामुळे शेकडो मुले एका छताखाली येत होती. घटसर्प, स्कार्लेट फीवर, गोवर यांच्या साथी शाळांतून पसरत होत्या.

१८९४ साली बॉस्टन शहराने शाळांची तपासणी करण्यासाठी पन्नास डॉक्टर नेमले. १८९७ साली न्यूयॉर्कने तसेच केले. हे डॉक्टर अर्धवेळ असत. रोज थोडा वेळ शाळेत येऊन संशयित मुले पाहायची आणि संसर्गजन्य रोग असेल त्या मुलाला घरी पाठवायचे, एवढेच त्यांचे काम. उपचार करणे त्यांच्या कामात बसत नव्हते. शाळेत फुकट उपचार मिळू लागले तर खाजगी डॉक्टरांचा धंदा बसेल, हीही भीती होती.

१९०२ साली न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने तपासणी अधिक कडक केली. आता केवळ साथीचे गंभीर रोगच नव्हे, तर डोळ्यांच्या खुपऱ्या, नायटा, खरूज, पुळ्यांचा संसर्ग, डोक्यातल्या उवा अशा सर्व कारणांसाठी मुलांना घरी पाठवले जाऊ लागले. खुपऱ्यांची तर विशेष धास्ती होती. १८९७ पासून अमेरिकेत खुपऱ्यांची गणना धोकादायक संसर्गजन्य रोगांत होत होती आणि तो रोग असलेल्या स्थलांतरितांना बंदरातूनच परत पाठवले जात होते.

परिणाम असा झाला की त्या वर्षीच्या एकट्या सप्टेंबर महिन्यात १०,५६७ वेळा मुलांना शाळेतून आजारपणासाठी घरी पाठवले गेले. हातात कार्ड दिलेले असे, त्यावर रोगाचे नाव असे. आईला इंग्रजी येत नसे. वाचता आले तरी दवाखान्यात दिवसभर रांगेत उभे राहण्यासाठी मजुरी बुडवणे तिला परवडत नसे. मूल मग रस्त्यावर खेळे. संध्याकाळी शाळा सुटली की ज्यांना लागण होऊ नये म्हणून त्याला घरी पाठवले, त्याच मुलांबरोबर ते जिन्यात नि गल्लीत हुंदडत असे. संसर्ग थांबत नव्हता, थांबत होते ते फक्त शिक्षण.

वॉल्डबाईंना हे घरोघरच्या भेटींतून दिसत होते. त्यांनी लुई नावाच्या एका बारा वर्षांच्या मुलाची गोष्ट लिहून ठेवली आहे. डोक्यावरच्या इसबामुळे त्याला शाळेत घेतलेच गेले नव्हते. बारा वर्षांचा झाला तरी त्याला वाचता येत नव्हते. वॉल्डबाईंनी मलम आणले, ते कसे लावायचे हे त्याच्या आईला दाखवले आणि मुलगा शाळेत बसू लागला. त्याच्या शिक्षणाच्या आड कोणताही असाध्य रोग नव्हता. आड होता तो मलम आणि ते लावणारा हात यांचा अभाव.

एक महिना, चार शाळा

वॉल्डबाईंनी आरोग्य खात्याचे प्रमुख अर्न्स्ट लेडर्ली यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला. आमच्याकडची एक परिचारिका आम्ही महिनाभर शाळांना देतो, तिचा पगार आम्ही करू. पण प्रयोग यशस्वी झाला तर डॉक्टरांना जसा सरकारी पगार मिळतो तसाच परिचारिकांनाही मिळावा यासाठी तुम्ही आपले वजन खर्च करायचे, असे वचन त्यांनी अधिकाऱ्यांकडून आधी घेतले. ही अट लक्षात ठेवण्याजोगी आहे. देणगीवर चाललेले चांगले काम देणगीबरोबर संपते, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

निवड झाली लीना रॉजर्स यांची. त्या मूळच्या कॅनडातील ऑन्टारिओच्या, टोरॉन्टोच्या मुलांच्या रुग्णालयात शिकलेल्या. ऑक्टोबर १९०२ मध्ये त्यांनी काम सुरू केले. चार शाळा आणि सुमारे दहा हजार मुले. सकाळपासून एकेका शाळेत जायचे, मिळेल त्या कोपऱ्यात सामान मांडायचे, डॉक्टरांनी वेगळी काढलेली मुले पाहायची. साधे उपचार तिथेच करायचे. नायट्याची जागा साबणाने घासून धुवायची आणि औषधाचा पातळ थर देऊन झाकायची. खरजेला गंधकाचे मलम. उवांना रॉकेल आणि गोड्या तेलाचे मिश्रण. (हा शेवटचा उपाय त्या काळचा आहे. रॉकेल पेट घेते आणि कातडीलाही इजा करते, म्हणून आज तो कोणीही करू नये.) शाळा सुटली की रॉजर्सबाईंचे काम संपत नसे. ज्या मुलांना घरी पाठवले होते त्यांच्या घरी त्या जात, आईला भेटत, औषध कसे लावायचे ते करून दाखवत आणि मूल परत कधी यायचे ते ठरवून येत.

महिनाअखेरचा हिशेब असा होता: ८९३ उपचार, १३७ घरभेटी, आणि एरवी घरीच राहिली असती अशी २५ मुले बरी होऊन शाळेत परतली. महिन्यात बावीस दिवस काम झाले असे धरले, तर रोज सरासरी चाळीस उपचार आणि सहा घरभेटी. त्या पाच-सहा मजली इमारतींचे जिने चढून सहा घरे करणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी.

आरोग्य खात्याने वचन पाळले. त्याच वर्षअखेर आणखी बारा परिचारिका नेमल्या गेल्या, त्यांच्यासाठी सार्वजनिक निधीतून तरतूद झाली आणि रॉजर्सबाई त्यांच्या प्रमुख झाल्या. सप्टेंबर १९०३ मध्ये शाळेतून घरी पाठवण्याचा आकडा १,१०१ वर आला. आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या मानाने सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी.

आकडे काय सांगतात?

शालेय आरोग्याच्या इतिहासात हा आकडा वारंवार दिला जातो. आमच्यासारख्या संशोधकाला मात्र असा आकडा दिसला की आधी शंका येते. एका वर्षात खरूज आणि नायटा नव्वद टक्क्यांनी कमी होतील, हे शक्य आहे का? नाही. त्या वस्तीतली गर्दी तीच होती, पाण्याची टंचाई तीच होती.

मग कमी काय झाले? बदलला तो नियम. पूर्वी खरूज दिसली की मूल घरी जात असे. आता तेच मूल परिचारिकेकडे जाई, औषध लावून घेई आणि वर्गात बसे. घरी पाठवलेल्यांच्या यादीत त्याचे नावच येत नसे. म्हणजे हा आकडा रोगांच्या प्रमाणाचे माप नव्हे, बुडालेल्या शाळेचे माप आहे. शिवाय तुलनेसाठी परिचारिका नसलेल्या तशाच शाळा बाजूला ठेवलेल्या नव्हत्या, आणि आधीचा सप्टेंबर हा नव्या कडक नियमाचा काळ असल्याने मुळातच फुगलेला होता. आजच्या निकषांवर हा प्रयोग अपुराच म्हणावा लागेल.

तरीही मला तो महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे कारण या शंकेतच आहे. डॉक्टरांची तपासणी "किती मुले आजारी आहेत" हे मोजत होती. परिचारिका "किती मुले आजारामुळे शाळेला मुकतात" हे मोजू लागली. माप बदलले आणि त्याबरोबर कामही बदलले. वर्गात मुलांना प्रयोग शिकवताना आपण सांगतो की निरीक्षण करण्याआधी काय मोजायचे ते ठरवा. इथे त्याचा जिवंत दाखला आहे.

शास्त्रदृष्ट्याही वॉल्डबाईंची बाजू भक्कम होती. संसर्गजन्य रोग सगळे एकाच प्रकारचे नसतात. घटसर्प किंवा गोवर झालेले मूल दूर ठेवलेच पाहिजे, आणि परिचारिका आल्यावरही ते दूर ठेवले जात असे. पण नायटा बुरशीमुळे होतो. जागा झाकली आणि औषध सुरू झाले की वर्गात बसण्याने धोका फारसा उरत नाही. उवा डोक्याला डोके लागून जातात. उवा झाल्या म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवू नये, असे आज अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. खरजेचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. खरजेचा सूक्ष्म किडा कातडीत शिरल्यापासून पहिल्या वेळी खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे एका मुलाला खाज सुटते तेव्हा त्याच्या शेजारी झोपणाऱ्या भावंडांना लागण बहुधा झालेली असते, फक्त ती दिसत नाही. एकट्या मुलाला मलम लावून उपयोग नाही. घरातल्या सर्वांना एकाच वेळी लावावे लागते आणि कपडे-अंथरुणे त्याच दिवशी धुवावी लागतात. हे शाळेत बसून होणारे काम नाही. किड्याचे जीवनचक्रच परिचारिकेला घरापर्यंत जायला भाग पाडते.

खुपऱ्यांचेही तसेच. त्यांना कारण असलेला जंतू चीनमध्ये १९५७ साली प्रथम वेगळा करण्यात यश आले, म्हणजे रॉजर्सबाईंनंतर अर्धशतकाने. आज जागतिक आरोग्य संघटना खुपऱ्यांसाठी जी चतुःसूत्री सांगते तीत शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके यांच्या जोडीला चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसराची सुधारणा ही दोन सूत्रे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्या हटल्याचे जाहीर केले, त्यामागे औषधांइतकाच पाण्याचा आणि स्वच्छतेचा वाटा आहे.

गळे कापल्याची अफवा

घरापर्यंत न पोहोचता उपचार केले तर काय होते, याचाही धडा त्याच वस्तीत मिळाला. नाकाच्या मागच्या बाजूला वाढणाऱ्या ॲडेनॉइड नावाच्या गाठींमुळे मुले अभ्यासात मागे पडतात, अशी त्या काळी वैद्यकात समजूत होती. १९०६ साली लोअर ईस्ट साइडमधल्या एका शाळेत डॉक्टरांनी येऊन मुलांच्या या गाठी शाळेतच काढल्या. मुले तोंडातून रक्त येत असलेल्या अवस्थेत घरी गेली. शस्त्रक्रिया म्हणजे काय आणि ती कशासाठी, हे घराघरांत नीट पोहोचले नव्हते.

जूनच्या अखेरीस अफवा उठली की शाळांत डॉक्टर मुलांचे गळे कापत आहेत. हजारो आया शाळांवर धावून गेल्या, दगडफेक झाली, पोलीस आले. वर्तमानपत्रांनी या बायकांना अडाणी ठरवून मोकळे केले. पण त्याच महिन्यात रशियन साम्राज्यातील बियालिस्टोक शहरात ज्यूंची कत्तल झाली होती आणि त्या बातम्या या वस्तीत येऊन पोहोचल्या होत्या. सरकारी माणूस मुलांच्या गळ्याला हात घालतो ही कल्पना त्या आयांना अशक्य वाटण्याचे कारणच नव्हते.

रॉजर्सबाईंच्या १३७ घरभेटींचे मोल इथे कळते. आईशी आधी बोलणे हे उपचाराचे शिष्टाचार नव्हेत, तो उपचाराचा पाया आहे. पोलिओच्या लसीकरणाच्या वेळी ज्या शिक्षकांनी वस्त्यावस्त्यांतून काम केले आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको.

परिचारिकेला कोण शिकवणार?

पण अशा परिचारिका आणायच्या कुठून? त्या काळी परिचर्येचे शिक्षण म्हणजे रुग्णालयात केलेली उमेदवारी. वॉर्डात हुकूम मिळायचा आणि तो पाळायचा. घरभेटीला जाणाऱ्या परिचारिकेला हुकूम द्यायला कोणी नसते. तिला स्वतः पाहून निर्णय घ्यावा लागतो, आईला समजावावे लागते, शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलावे लागते. ती निम्मी शिक्षिकाच असते.

त्यामुळे परिचारिकांचे उच्च शिक्षण सुरू झाले ते वैद्यकीय महाविद्यालयात नव्हे, तर शिक्षकांना शिकवणाऱ्या संस्थेत, हे योग्यच झाले. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये १८९९ साली परिचारिकांसाठी पहिला अभ्यासक्रम निघाला. १९०७ साली ॲडलेड नटिंग तिथे प्राध्यापक झाल्या. परिचारिका असून विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या त्या जगातल्या पहिल्या. १९१० साली तिथे परिचर्या व आरोग्य असा स्वतंत्र विभाग उभा राहिला. त्यामागे वॉल्डबाईंचा आग्रह होता, आणि तिथल्या विद्यार्थिनी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायला हेन्री स्ट्रीटवर येत. डी.एड.-बी.एड.च्या विद्यार्थ्यांना आपण पाठ घ्यायला शाळेत पाठवतो, त्याच धर्तीवर. १९१२ साली सार्वजनिक आरोग्य परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि वॉल्डबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९१३ पर्यंत दोन परिचारिकांचे हेन्री स्ट्रीट ९२ परिचारिकांचे झाले होते आणि वर्षाला सुमारे दोन लाख घरभेटी होत होत्या.

लीना रॉजर्स १९१० च्या सुमारास टोरॉन्टोला परतल्या आणि तिथल्या शाळांमध्ये परिचारिकांचे काम त्यांनी उभे केले. पंधरा वर्षांचा अनुभव एकत्र करून १९१७ साली त्यांनी शालेय परिचारिकांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले. शाळेच्या कोपऱ्यात सुरू झालेले काम असे शिकवता येण्याजोगे झाले.

मलमाने न बरे होणारे

वॉल्डबाईंचे मोठेपण एवढ्यावर थांबत नाही. परिचारिकेच्या हातात काय नाही, हेही त्यांनी ओळखले. आईला आंघोळीचे महत्त्व पटवता येते, पण नळ चार मजले खाली असेल तर? दूध उकळायला शिकवता येते, पण दूध घ्यायला पैसे नसतील तर? बारा वर्षांचे मूल कारखान्यात जात असेल तर शाळेतली परिचारिका त्याला कुठे गाठणार?

म्हणून १९०३ पासून वॉल्डबाई आणि त्यांच्या सहकारी फ्लॉरेन्स केली यांनी मागणी लावून धरली की देशाच्या सरकारने मुलांसाठी स्वतंत्र खाते काढावे. नऊ वर्षांनी, १९१२ साली ते झाले. या बालक विभागाच्या पहिल्या पाहणीत जॉन्सटाउन या पोलादाच्या गावी घरोघरी जाऊन बालमृत्यूंचा अभ्यास केला गेला. बापाची मिळकत जितकी कमी तितके बालमृत्यू अधिक, असा सरळ संबंध त्यात दिसून आला. आईच्या अज्ञानावर बोट ठेवून मोकळे होण्याची सोय त्या पाहणीने काढून घेतली.

सगळेच प्रयत्न टिकले नाहीत. १९०९ साली वॉल्डबाईंनी एका मोठ्या विमा कंपनीला पटवून कामगार विमेदारांच्या घरी परिचारिका पाठवण्याची योजना सुरू केली. ती देशभर पसरली, पण कंपनीला खर्च परवडेनासा झाल्यावर १९५३ साली बंद पडली. शाळेतल्या परिचारिका मात्र टिकल्या, कारण त्यांचा पगार पहिल्या दोन महिन्यांतच सार्वजनिक तिजोरीतून निघू लागला होता. १९०२ साली घेतलेले ते वचन किती दूरदृष्टीचे होते, हे यावरून दिसते. वॉल्डबाई १९४० साली वारल्या. हेन्री स्ट्रीटचे काम आजही चालू आहे.

आपल्या शाळेत

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाला. त्यातील फिरते पथक शाळेत येते, मुलांना तपासते आणि पुढील उपचारांसाठी चिठ्ठी देते. पथकात डॉक्टर असतात, परिचारिका असते, औषधनिर्माता असतो. १८९७ च्या न्यूयॉर्कपेक्षा ही व्यवस्था निश्चितच पुढची आहे. पण पथक शाळेत वर्षातून एकदा येते. चिठ्ठी मुलाच्या दप्तरात जाते आणि पथक पुढच्या गावाला. त्या चिठ्ठीचे पुढे काय झाले हे पाहणारे डोळे गावात दोनच ठिकाणी असतात: आशाताईंच्या भेटीत आणि वर्गाच्या हजेरीपटात.

शिक्षकाने परिचारिका व्हावे असे मी सुचवत नाही. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत पुष्कळ कामे आधीच त्याच्या गळ्यात आहेत. पण आजारी मुलाला घरी पाठवताना तीन गोष्टी विचारता येतात. औषध आणले का? ते घरात कोण लावणार आहे? आणि घरातल्या आणखी कोणाला हाच त्रास आहे का? उत्तरे आशाताईंच्या कानावर घालता येतात. आणि हजेरीपटावर केवळ गैरहजेरीची खूण न करता, शेजारी बारीक अक्षरात कारणही लिहिता येते. वर्षअखेर ती कारणे मोजून पाहावीत. आपल्या शाळेचे किती दिवस खरजेने खाल्ले आणि किती दिवस तापाने, याचा आकडा आपल्या हाती येईल. पुढच्या वेळी पथक आले की तो त्यांच्यापुढे ठेवावा.